रात्रभर गेम खेळतो आणि पगारही मिळतो?

नोकरीपेशा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात ओघात लिहून गेले होते की माझी पहिली नोकरी गेम टेस्टरची (गेम बाजारात यायच्या आधी त्यातल्या चुका शोधायची). एकच वाक्य होतं ते. त्यावर एकोणीस पत्रं आली आणि त्यातली अकरा नागपूरचीच. तेव्हा ग्रॅच्युइटी, अनुकंपा, बदल्या हे आपले नेहमीचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवते आणि त्यातली चार पत्रं घेते. नाव कुणाचंच छापत नाही, ज्यांनी 'छापलं तरी चालेल' म्हटलंय त्यांचंही नाही.

*

"माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. बी. ई. झाला. संध्याकाळी सहाला जातो, पहाटे चारला येतो, मग दुपारी एकपर्यंत झोपून राहतो. कंपनीत काय करतो विचारलं तर हसून म्हणतो, गेम खेळतो. त्याचे बाबा दोन महिन्यांपासून त्याच्याशी धड बोलून नाही राहिले. अकोल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा काय करतो, असं त्यांनी विचारलं आणि मला काही सांगताच आलं नाही. हे खरंच काम आहे, की आमची फसवणूक होऊन राहिली?"
— एक आई, मानेवाडा

काकू, काम आहे. आणि त्यात खेळणं फार थोडं आहे.

माझंच सांगते. २००६ साली पुण्यात एका छोट्या कंपनीत लागले, तेव्हा साध्या मोबाइलवरच्या जावा गेमचे दिवस होते. एकच गेम, पण तो शंभर तऱ्हेच्या हँडसेटवर चालला पाहिजे. आमच्याकडे हँडसेटनी भरलेलं एक लोखंडी कपाट होतं. नोकिया ६६००, सोनी एरिक्सनचा के ७५०, मोटोरोलाचे दोन-तीन, प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीने लावलेला नंबर. माझं काम असं की गेम सुरू करायचा, तिसऱ्या लेव्हलपर्यंत न्यायचा, आणि आतलं माणूस उडी मारून हवेत असतानाच शेजारच्या मुलीने मला फोन लावायचा. फोन कापला की गेम तिथूनच, हवेतूनच, पुढे सुरू व्हायला हवा. मग हेच एसएमएस आल्यावर. मग चार्जरची पिन खोचताना. मग चालू गेममध्ये बॅटरी काढून. एक हँडसेट झाला की पुढचा. संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाइलवर दोनशे मिस्ड कॉल साचायचे आणि त्यात आईचा एक कुठे तरी हरवलेला असायचा.

पुढे टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरचे गेम आले. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. लोकांनी तो जिंकायला खेळला असेल, मी नऊ दिवस गाडी उलट दिशेने, कठड्याला घासत चालवली. कारण कठड्यात कुठे फट राहिली असेल तर गाडी त्यातून खाली पडते, थेट त्या जगाच्याच खाली, निळ्या पोकळीत. सातव्या दिवशी एका जाहिरातीच्या फलकामागे अशी फट सापडली. लगेच ओरडायचं नसतं. परत त्याच जागी दहा वेळा गाडी नेली, सात वेळा पडली. मग रिपोर्टात लिहिलं, दहापैकी सात. पगार मिळतो तो या 'दहापैकी सात'चा. खेळायचा नाही.

आणि इतकं करून त्या बगवर, म्हणजे त्या चुकीवर, गेम बनवणाऱ्यांकडून शेरा आला, 'दुरुस्ती करणार नाही'. फलकामागे कोण गाडी नेणार, असं त्यांचं म्हणणं. बग दिसणं टेस्टरच्या हातात, तो दुरुस्त करायचा की तसाच बाजारात सोडायचा हे दुसऱ्या कुणाच्या. १० डिसेंबर २०२० ला 'सायबरपंक २०७७' हा मोठा गाजावाजा झालेला गेम इतक्या बगांसकट बाहेर आला की आठव्या दिवशी सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. तेव्हा सगळे म्हणत होते, टेस्टर काय झोपले होते का. झोपलेले नसतात, काकू. झोप हीच तर त्यांची अडचण.

रात्रपाळीचं कारण साधं आहे. गेम बनवणारे बहुतेक अमेरिका, कॅनडा, युरोपात. लॉस एंजलिसला उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नागपुरात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. त्यांच्या दिवसात दुरुस्त झालेला गेम तेव्हाच आपल्याकडे तपासायला येतो आणि त्यांना त्यांच्या कामाच्या वेळेतच रिपोर्ट हवा असतो. एकदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री मला 'सोक टेस्ट'ला बसवलं होतं. गेम नुसता चालू ठेवून द्यायचा, चोवीस तास, आणि तो मधेच बंद पडतो का ते बघायचं. बाहेर फटाके चालू आणि मी एका मेन्यूकडे बघत बसलेली. ती मेन्यूची धून आजही कानात वाजते कधी कधी, आणि मग मला उगाच चकलीची आठवण येते.

तेव्हा दुपारी एकपर्यंत तो झोपतो ती त्याची रात्र आहे. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, दिवसा झोपणं काय असतं ते तुम्ही एक दिवस करून बघा. त्याच्या खोलीला जाड गडद पडदा लावा, कुलर त्याच खोलीच्या खिडकीला बसवा (पंपाच्या आवाजात कुकरच्या शिट्ट्या बुडतात, हा फायदा वेगळा), आणि अकरा वाजता सिलिंडरवाला आला म्हणून त्याला उठवू नका. स्थळवाल्यांना सांगा, सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. त्यात एक अक्षर खोटं नाही.

पण तुम्ही मला जे विचारलंत त्यापेक्षा त्याला एक विचारा. नियुक्तिपत्र दाखव म्हणा, आणि पीएफचा यूएएन नंबर आहे का ते सांग म्हणा. फसवणूक होत असेल तर ती गेममध्ये नाही, त्या कागदात असते. पुढचं पत्र वाचलंत की कळेल.

*

"प्रतापनगरला राहतो. दीड वर्ष एका ऑफिसात गेम टेस्टर होतो. गेम बाहेरच्या देशातल्या कंपनीचा, आम्ही त्यांच्या कंत्राटदाराचे लोक, आणि आमचा पगार करणारी एजन्सी आणखी तिसरीच. पगार २१,०००, त्यातून दहा टक्के टीडीएस कापून हातात १८,९००. पत्रात 'कन्सल्टंट' लिहिलंय, पीएफ नाही. शिफ्ट नऊ तासांची, पण रिलीजच्या आधीचे सात आठवडे रोज बारा-तेरा तास, रविवारसुद्धा. ओव्हरटाइमच्या नावाने पिझ्झा. गेम बाहेर आला आणि चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज आला, 'प्रोजेक्ट रॅम्प डाउन, उद्यापासून येऊ नये.' शेवटचा पगार अडकला आहे. दहावी, बारावी आणि डिग्रीच्या मूळ प्रती त्यांच्याकडेच आहेत. एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सही केलेली आहे, वकिलाकडे गेलास तर तुझ्यावरच केस होईल असं टीम लीड सांगतो. बाबांना अजून सांगितलं नाही, रोज संध्याकाळी घरून निघून फुटाळा तलावावर जाऊन बसतो. काय करू?"
— नाव छापू नये

तुला 'तू' म्हणते, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस.

आधी एनडीए. त्या कागदाची भीती मीही पुष्कळ वर्षं बाळगली. आमच्या एका प्रोजेक्टला फळाचं नाव होतं आणि ते नाव मी झोपेतसुद्धा घेऊ नये म्हणून धास्तावलेली असायची. पण एनडीए झाकतो काय? गेमची गोष्ट, पात्रं, चित्रं, तारीख, सांकेतिक नाव. तू किती वाजता आलास, किती वाजता सुटलास, तुला किती रुपये मिळाले आणि किती मिळाले नाहीत, हे कुणाचं व्यापारी गुपित होऊ शकत नाही. वकिलाकडे किंवा कामगार कार्यालयात जायचा हक्क सहीने जात नाही. सगळी तक्रार गेमचं नाव एकदाही न घेता लिहिता येते. नुसतं 'प्रोजेक्ट' लिही. एकच पथ्य पाळ. पुरावा म्हणून मॉनिटरचा फोटो जोडू नकोस. कोपऱ्यातलं घड्याळ दाखवायला म्हणून काढलेल्या फोटोत मागे गेम दिसला, तर टीम लीडची धमकी खरी होईल.

आता 'कन्सल्टंट'. डॉक्टर कन्सल्टंट असतो, तो चार हॉस्पिटलांत आपल्या वेळेने जातो. तू त्यांच्या खुर्चीवर, त्यांच्या मशीनवर, त्यांनी ठरवलेल्या वेळेला, त्यांच्या लीडच्या हाताखाली बसत होतास. कागदावर काय नाव दिलंय यापेक्षा काम प्रत्यक्षात कुणाच्या हुकमाने चालत होतं हे पाहिलं जातं, आणि तांत्रिक काम करणारा माणूस कामगार या व्याख्येत बसतो. एजन्सीकडे वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफचा कायदा तिला लागू होतो. त्यात मूळ वेतनाची १५,००० ची मर्यादा आडवी येऊ शकते, म्हणून पगाराची फोड दाखवणारा कागद हुडकून ठेव. रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात जाऊन विचार, किंवा त्यांच्या तक्रारीच्या पोर्टलवर टाक. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, मर्यादा २१,००० पर्यंत आहे, म्हणजे तू काठावर बसतोस पण आत बसतोस. आणि तो टीडीएस. वर्षाला २,५२,००० वर कर बसतच नाही. रिटर्न भरलंस की वर्षाचे २५,२०० परत मिळतील. दीड वर्षात हे तुला कुणीच सांगितलं नाही?

अडकलेला पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे कामावरून काढलं किंवा तू स्वतः सोडलंस, तरी हिशेब दोन कामकाजी दिवसांत चुकता करायचा असतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने तो द्यायचा, हे तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनचं तत्त्व आहे, फक्त किती माणसांवर ते लागू होतं याची अट आहे. परदेशातल्या गेमवाल्यापर्यंत आपला हात पोचत नाही, नागपुरातल्या ऑफिसच्या दारापर्यंत पोचतो. म्हणून पत्र दोघांना लिही, एजन्सीला आणि जिथे बसत होतास त्या कंपनीलाही. पगार, ओव्हरटाइम आणि मूळ प्रती, तिन्ही एकाच पत्रात मागून घे. स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. गुणपत्रिका काही गहाण ठेवायचे दागिने नव्हेत, त्या ठेवून घ्यायचा त्यांना अधिकार नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच पत्राची प्रत लावून अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दे.

आता ओव्हरटाइम, आणि इथे मला तुझा थोडा राग आला. पत्रात तू लिहितोस, 'बारा-तेरा तास'. बारा की तेरा? कोणत्या दिवशी? कुणी थांबवलं? अरे, तू टेस्टर आहेस. गेममध्ये एखादं दार उघडत नसेल तर 'कधी कधी उघडत नाही' असं लिहिलं असतंस तर लीडने तो रिपोर्ट तोंडावर फेकला असता. सातासमुद्रापलीकडच्या, तुला कधी न भेटलेल्या माणसाला नाही म्हणता येणार नाही असं लिहिणं, हीच आपली विद्या. ती दीड वर्ष तू त्यांच्या दारांसाठी वापरलीस, स्वतःच्या तासांसाठी एक ओळ लिहिली नाहीस. मीही नव्हती लिहिली, म्हणून रागावते आहे.

आज रात्री फुटाळ्यावर बसशील तेव्हा वही घेऊन बस आणि आठवतील ते दिवस असे लिही :

शीर्षक : शिफ्ट संपल्यावर ३ तास ४० मिनिटं थांबवलं, मोबदला नाही.
पायऱ्या : संध्याकाळी ६.०० ला हजर. पहाटे २.४० ला लीडचा ग्रुपवर मेसेज, 'नवीन बिल्ड येतोय, कुणी निघू नका.' ३.०० ला शिफ्ट संपली. ४.१५ ला बिल्ड (तपासायची नवी आवृत्ती) आला. ६.४० ला सोडलं.
अपेक्षित : जादा वेळेचे दुप्पट दराने पैसे.
प्रत्यक्ष : शून्य. (पिझ्झा, दोन तुकडे.)
वारंवारता : त्या आठवड्यात ६ पैकी ५.
पुरावा : कॅबचा ओटीपी, ६.४४.

पुरावे तुझ्याच फोनमध्ये पडलेले आहेत. कॅबचे ओटीपी, गुगल मॅप्सची टाइमलाइन चालू असेल तर ती, 'निघायला उशीर होईल, जेवून घे' असा आईला पाठवलेला मेसेज, मेट्रोने जात असशील तर महाकार्डाच्या नोंदी. परतीच्या नाही मिळणार, त्या वेळी मेट्रो कुठली, पण जायच्या मिळतील. कंपनीचे ईमेल मात्र स्वतःला फॉरवर्ड करू नकोस.

मी ढोबळ हिशेब केला. २१,००० ला सव्वीस दिवसांनी आणि नऊ तासांनी भागलं की तासाला नव्वद रुपये, दुप्पट दर म्हणजे एकशे ऐंशी. सात आठवडे, रोजचे साडेतीन तास जादा आणि सात रविवार पूर्ण. चाळीस हजारांच्या वर जातं. पिझ्झा किती रुपयांचा होता?

एवढं सगळं मिळेल असं मी म्हणत नाही. तारखा पडतील, समोरचा तडजोड करायला बघेल, आणि तडजोडीच्या टेबलावर तुझी वहीच काय ती तुझ्या बाजूने बोलेल.

आणि बाबांना आजच सांग. या पत्रातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे, मला माहीत आहे. नोकरी जाण्यात तुझा काही गुन्हा नाही. प्रोजेक्ट संपला की टेस्टर काढायचे, हे या धंद्याने आधीच ठरवलेलं असतं, तुला सांगितलं नव्हतं एवढंच.

*

"मी कामठीची. बी. एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीताबर्डीवर एका क्लासमध्ये गेम टेस्टिंगचा सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, फी ६५,०००, शंभर टक्के प्लेसमेंट. करू का? आणि मुलींना रात्रपाळी असते का?"

करू नकोस. पासष्ट हजार म्हणजे या कामाचे सुरुवातीचे तीन-चार पगार झाले.

टेस्टरचं काम येतं का हे मी मुलाखतीत असं बघायची. कोपऱ्यातल्या कुलरकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, हा टेस्ट करून दाखवा. बहुतेक जण बटण दाबून म्हणायचे, सुरू होतो. वर्ध्याचा एक मुलगा म्हणाला, टाकीतलं पाणी संपल्यावर पंप चालूच राहतो का ते आधी पाहीन, मग वरून पाणी ओतताना करंट लागतो का ते पाहीन, पण ते स्लीपर घालून. त्याला लगेच घेतला.

तू मोबाइलवरचा कुठलाही फुकट गेम घे आणि त्यातले वीस बग वर दिलेल्या साच्यात इंग्रजीत लिहून काढ. दर बगला पायऱ्या अशा हव्यात की तुझ्या आजीलाही तो बग दिसला पाहिजे. ही वीस पानं डिप्लोमापेक्षा जास्त चालतील. एखादं प्रमाणपत्र हवंच असेल तर आयएसटीक्यूबीची फाउंडेशन परीक्षा दे, ती सगळ्याच सॉफ्टवेअर टेस्टिंगला चालते. म्हणजे गेमचं दार बंद झालं तरी बँकेच्या ॲपचं उघडं राहील. आणि मुलाखतीत तूही एक प्रश्न विचार, गेम कसले आहेत? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, आणि त्या कंपन्यांनी धडाधड माणसं कमी केली.

रात्रपाळी असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची, घरी पोचवायची सोय हवी. गाडी घराच्या दारापर्यंत. कामठीच्या हद्दीत 'मॅडम, इथून ऑटो मिळेल' म्हणून सोडून देणं याला सोय म्हणत नाहीत, हे पहिल्या दिवशीच सांगून टाक.

*

"मी एम्प्रेस मिलमध्ये सव्वीस वर्षं होतो, त्यातली पहिली चार बदलीत. सकाळी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत, नाही तर घरी. नातू टेस्टिंगच्या कामाला आहे. तो म्हणतो, आजोबा, प्रोजेक्ट आला की बोलावतात, मधले दोन-दोन महिने घरी, बिनपगारी. मी म्हटलं, बापू, हे तर बदलीचंच काम होय, काचेच्या इमारतीत. यांची युनियन काऊन नाही?"
— एक गिरणी कामगार, रामबाग

काका, तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. आमचाही सहा-सहा महिन्यांचाच करार, अकरा वेळा वाढवलेला, मधल्या फटींत बिनपगारी. आम्ही त्याला 'बेंच'वर असणं म्हणायचो, आणि मला वाटायचं हा आमच्या नव्या धंद्याचा नवा शब्द आहे. बदली हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते. माझे मामा मॉडेल मिलला होते. तरी दोन्ही एकच, हे तुम्ही लिहीपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. फरक म्हणाल तर एक आहे, आणि तो तुमच्या बाजूचा. तुमच्या बदलीवाल्याकडे कार्ड होतं आणि मिलच्या मस्टरवर कुठे तरी त्याचं नाव होतं. नातवाचं नाव एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे, आणि ॲडमिनने काढलं की तो त्या कंपनीत कधी होता याचा मागमूस राहत नाही. गेमच्या शेवटी नावांची लांबलचक यादी सरकते, त्यातही ठेकेदाराच्या टेस्टरांचं नाव पुष्कळदा नसतं. मी काम केलेल्या एका गेममध्ये जेवण पुरवणाऱ्यांचे आभार होते. आमचे नव्हते.

युनियन. बाहेर झाली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला रेवन नावाचा स्टुडिओ आहे, 'कॉल ऑफ ड्यूटी'चं काम करतो. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या काही टेस्टरांना करार संपल्याचं सांगितलं, आणि बाकीच्यांनी काम थांबवलं. २३ मे २०२२ ला मतमोजणी झाली. युनियनच्या बाजूने १९, विरोधात ३. संख्या बघा, काका, तुमच्या एका खात्यात याहून जास्त माणसं असतील. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या मालक कंपनीने, ॲक्टिव्हिजनने, अकराशेच्या आसपास हंगामी टेस्टर कायम केले आणि ताशी किमान २० डॉलर जाहीर केले. फक्त युनियनच्या वाटेला लागलेल्या रेवनवाल्यांना ती वाढ नाही म्हणाले. ही चाल तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही.

पण ती माणसं थेट कंपनीची होती. आपल्यासारखी गोष्ट कॅनडातल्या एडमंटनची. बायोवेअर या गेम कंपनीचं काम कीवर्ड्स नावाच्या ठेकेदाराचे टेस्टर करायचे. त्यांनी जून २०२२ मध्ये युनियन केली. पुढच्या वर्षी बायोवेअरने ठेकेदाराचा करार वाढवला नाही आणि तेरा जण घरी गेले. कुणी कुणाला काढलं नाही, नुसता करार संपला. ठेकेदारीची गोम तीच आहे. तुमच्या वेळी मिलचं गेट एक होतं, घोषणा कुठे द्यायच्या ते माहीत होतं. नातवाचं गेट तीन देशांत वाटलेलं आहे.

नागपुरात काही होईल का, हा तुमचा खरा प्रश्न. कायद्यात अडचण नाही. एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल तेवढे सभासद लागतात, पण सातांपेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे साठ जणांच्या ऑफिसात सात सह्या पुरतात. आयटीवाल्यांसाठी पुण्यात नाइट्स नावाची संघटना काम करते, नातवाला तिथे निदान बोलून बघायला सांगा. सात सह्या का जमत नाहीत हे मात्र मी आतून पाहिलंय. प्रत्येकाला वाटतं आपण इथे दोन वर्षंच आहोत, पुढे गेम बनवणाऱ्यांत जाऊ. मलाही वाटायचं. मिलमध्ये लागलेल्या माणसाला निदान आपण मिलमध्ये आहोत हे माहीत होतं.

एम्प्रेस मिलने १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला होता, पीएफचा कायदा यायच्या कितीतरी आधी, आणि तो आपल्या नागपुरात. नातवाला हे माहीत आहे का बघा. त्याच्यासाठी ती जागा म्हणजे मॉल.

तुमच्या पत्राखाली तुम्ही लिहिलंय की बदलीचं कार्ड अजून ट्रंकेत आहे. ते मला बघायचंय. प्रतापनगरच्या त्या मुलाला आणि इतर दहा जणांना पाठवायचंय, शक्य असेल तर इथे छापायचंही आहे. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मूळ कार्ड पाठवू नका.